तळावरच्या लेकराचं नाव कुणाच्या हजेरीत?

मंडळी, थोडं मोठं लिहितोय. हंगाम चालू आहे म्हणून आत्ताच लिहितोय, कारण एप्रिलमध्ये तळ उठल्यावर लिहून काही उपयोग नाही. सवड काढून शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

दर वर्षी गाळप सुरू झालं की आपल्या बारामती-इंदापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच फोटो फिरतात. तळावरची पोरं ओळीत उभी, हातात वही, पेन आणि बिस्किटचा पुडा, मागे बॅनर. खाली दोन प्रकारचे लोक बोलतात. एक म्हणतात, "स्तुत्य उपक्रम, अशा संस्था आहेत म्हणून गरिबाचं बरं चाललंय." दुसरे म्हणतात, "ही एनजीओवाली मंडळी फोटोपुरती येतात, ह्यांचे पैसे कुठून येतात ते आधी विचारा." मला दोन्ही पटत नाही. पहिले सरकारला मोकळं सोडतात, आणि दुसऱ्यांच्या बोलण्यात तळावरच्या लेकराचा विषयच नसतो.

मी काही समाजसेवक नाही. इंदापूर तालुक्यात सणसर-लासुर्णे पट्ट्यात माझा ऊस आहे. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर काही वर्षं काढलीत. माझा ऊस जे लोक तोडतात त्यांची पोरं बांधावर बसलेली असतात. म्हणून हा विषय माझ्या दृष्टीने लांबचा नाही, आणि तुमच्यातल्या बहुतेकांच्याही नाही.

आधी परिस्थिती नीट मांडतो.

आपल्या दोन तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी कारखाने, शिवाय खासगी. दिवाळीच्या आगेमागे बीड, नगर, जालना, परभणी या भागांतून टोळ्या येतात. हिशोब माणसाचा नसतो, 'कोयत्या'चा असतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. उचल फिटेपर्यंत जोडीतल्या एकानं घरी थांबायचं म्हटलं तर कोयता अर्धा होतो. म्हणून लेकरं बरोबर येतात.

त्यातही दोन प्रकार आहेत आणि हा फरक लक्षात घेतला पाहिजे. बैलगाडीवाले कारखान्याच्या जवळ मोठ्या तळावर कोप्या टाकून हंगामभर एकाच जागी राहतात. ट्रॅक्टरवाल्या टोळ्या गावोगाव, जिथं ऊस तिथं मुक्काम. आज आमच्या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात. पहिल्यांसाठी तळावर किंवा तळाजवळ शाळा करता येते. दुसऱ्यांच्या पोरांना तर हंगामात चार शाळा बदलाव्या लागतील.

पहाटे तीन-चारला माणसं उठतात. थंडीत बायका भाकरी थापून, लहानग्याला फडक्यात गुंडाळून फडात नेतात. आठ-दहा वर्षांची पोरगी असेल तर ती त्या लहानग्याला सांभाळते. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची, गाडी भरायची, वाढे विकायचे, गाडी कारखान्यावर खाली करायची. परत यायला रात्र होते. आता यात "आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही" हे वाक्य कुठं बसतं ते मला सांगा. त्यांना चांगलं कळतं. त्या दहा वर्षांच्या पोरीला शाळेत घालायचं तर दीड वर्षाच्या लेकराला कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नाही.

आता संस्थांकडे येऊ.

'साखरशाळा' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. कारखान्याच्या तळावर, हंगामापुरती, ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा. २००० नंतरच्या दशकात औरंगाबादच्या 'जनार्थ' या संस्थेने पश्चिम महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांवर हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. पाचट-पत्र्याची खोली, मजुरांच्याच भागातले शिक्षक, त्यांचीच बोली बोलणारे, गाडी खाली करायच्या वेळा बघून भरणारे वर्ग. ही संस्था काय करत होती ते बघा. ज्या मुलाला ना बीडची शाळा आपलं म्हणत होती ना पुण्याची, त्याला ती हंगामभर कुणाचं तरी करत होती. ते काम खरं होतं, आणि त्याबद्दल कुणाचंही दुमत असू नये.

मग १ एप्रिल २०१० ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला नियमित शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. कायद्यात कलम ९ मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश निश्चित करणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. म्हणजे ज्या गावात तळ पडलाय तिथल्या यंत्रणेचं. तळावरच्या हंगामी वर्गाऐवजी जवळच्या नियमित शाळेत मूल बसलं पाहिजे, आणि जमलं तर मूल गावीच राहिलं पाहिजे, त्यासाठी हंगामी वसतिगृहं करावीत, असं धोरण पुढे आलं. तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे. गरिबाच्या पोराला कायमची वेगळी, कच्ची शाळा का असावी?

पण कागदावर हक्क आला आणि तळावरून खोली गेली, यात मधली जागा रिकामी राहिली. ती कशी, ते एका साध्या तारखेवरून सांगतो.

शाळेच्या पटाचा हिशोब ३० सप्टेंबरच्या पटावर धरला जातो. किती शिक्षक मंजूर, म्हणजे आपण ज्याला संचमान्यता म्हणतो, ती त्या आकड्यावर. ऊसतोड मजूर गाव सोडतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे ३० सप्टेंबरला ते मूल गावच्या पटावर असतं, नोव्हेंबरात आपल्या तळावर असतं. गावच्या शाळेला ते नाव काढायची घाई नसते, पट कमी झाला तर शिक्षक जातो. आपल्या शाळेला ते नाव घ्यायची घाई नसते, चाळीस मुलं जास्त आली तरी शिक्षक वाढत नाही. दोन्हीकडचे गुरुजी वाईट नाहीत. दोघंही आपापली शाळा वाचवतायत. आणि मूल फडात आहे.

शासनाने काही केलं नाही असंही नाही. शिक्षण हमी कार्ड आलं, बालरक्षक शिक्षक नेमले गेले, २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' नावाने शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. काही शिक्षकांनी जीव तोडून काम केलं, हे मी जवळून पाहिलंय. पण कार्ड मुलाच्या हातात असलं तरी तळापासून शाळेपर्यंत तीन किलोमीटर त्याला कोण आणणार, आणि धाकट्या भावंडाला कोण घेणार, हे त्या कार्डावर लिहिलेलं नाही.

ही मधली जागा संस्था भरतात. आजही भरतात. कुणी संध्याकाळी कोपीशेजारी वर्ग घेतं, कुणी रिक्षा लावून पोरं शाळेत पोचवतं, कुणी लहानग्यांना दुपारपर्यंत सांभाळतं. म्हणून "संस्था नकोतच" म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी एकदा सकाळी दहा वाजता तळावर चक्कर मारा.

संस्थांचं आणखी एक मोठं काम असतं, त्याचे फोटो निघत नाहीत. ते म्हणजे मोजणं. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय आठवा. पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी तो लावून धरला म्हणून २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. त्याआधी हा आकडा सरकारदरबारी नव्हता. जे मोजलं जात नाही त्याच्यासाठी तरतूद होत नाही, हा आपल्याकडचा सरळ नियम आहे.

इथपर्यंत मी संस्थांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू.

काही वर्षांपूर्वी एका तळावर एका संस्थेचा वर्ग चालू होता. चांगला चालू होता. बाई मनापासून शिकवायच्या. मार्च सुरू झाला आणि वर्ग बंद. ऊस अजून महिनाभर होता. विचारलं तर कळलं की प्रकल्पाची मुदत संपली, पुढचा निधी मंजूर झाला नाही. एका आईने मला विचारलं, "दादा, बाई आता येनार न्हाईत का? आमी कुनाला इचारायचं?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरंच कुणाला विचारायचं? जिल्हा परिषदेची शाळा अशी मध्येच बंद झाली असती तर सरपंच होते, गटशिक्षणाधिकारी होते, पंचायत समितीचा सदस्य होता, आणि पुढच्या निवडणुकीला मत होतं. संस्था बंद झाली की तक्रारीला खिडकीच नाही. संस्थेने काही वाईट केलं नव्हतं. तिने दिलं होतं, आणि मग तिच्याकडे द्यायला राहिलं नाही. हक्क आणि मदत यात हाच फरक आहे.

त्यात पैशाचं गणितही बघा. कंपनी कायदा २०१३ मधल्या तरतुदीनुसार मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. चांगली गोष्ट आहे. आपल्या एमआयडीसीकडे बघून कित्येक छोट्या संस्था त्या आशेवर असतात. पण सीएसआरच्या पैशाला काय आवडतं? दप्तर, टॅब, वॉटर फिल्टर, खोलीचं उद्घाटन. बाईंचा पगार आवडत नाही, कारण पगाराला फीत कापता येत नाही. परदेशी देणगीचं बघाल तर २०२० मध्ये एफसीआरए कायद्यात बदल झाला. एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेकडून निधी घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या लहान गटांना याचा फटका बसला. म्हणजे ज्या संस्था तळापर्यंत पोचतात त्याच सगळ्यात कच्च्या पायावर उभ्या आहेत. अशा पायावर गरिबाच्या मुलाचं अख्खं शिक्षण ठेवायचं का?

आपल्याच भागाचा इतिहास बघितला तर ह्यात बरंच शिकण्यासारखं आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी आणि १९७२ च्या दुष्काळात बारामतीच्या जिरायती पट्ट्यात पाझर तलावांची कामं झाली. त्यात 'कासा' या चर्चच्या समाजसेवी संस्थेची मदत होती. कामाच्या बदल्यात धान्य आणि तेल. १९७१ मध्ये उभ्या राहिलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टची मुळं ह्याच काळातली. जुन्या माणसांना विचारा, त्या धान्यावर किती घरं तगली ते सांगतील. म्हणजे ह्या तालुक्याला 'संस्था' नवीन नाही. आज ज्याला आपण बारामतीचा विकास म्हणतो त्याची सुरुवातच सरकार आणि बिनसरकारी मदत यांच्या जोडीतून झाली.

पण त्याच दुष्काळात राज्यात दुसरी गोष्ट घडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना सुरू झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. फरक लक्षात घ्या. तेल आणि धान्य आलं तोवर काम होतं, मदत आटली की काम आटलं. हमीचं तसं नाही. रोजगार हमीत घोटाळे झाले, हजेरीपट खोटे भरले गेले, मजुरी थकली, सगळं खरं. तरीही तिथं मजूर तहसीलवर मोर्चा घेऊन जाऊ शकला, कारण काम मागणं हा त्याचा कायदेशीर हक्क होता. मदत देणाऱ्याच्या दारात कुणी मोर्चा नेत नाही.

आणखी एक जुनी गोष्ट, फार कुणी सांगत नाही. इंग्रजांच्या काळात ज्यांना १८७१ च्या कायद्याने जन्मतः 'गुन्हेगार जमाती' ठरवलं होतं, त्यांची एक वसाहत बारामतीत होती आणि तिचा कारभार ऑस्ट्रेलियन मिशनऱ्यांकडे होता. शिक्षण आणि काम देऊन ह्या लोकांना सुधारायचं, असा अशा वसाहतींचा हेतू सांगितला जायचा. चालवणाऱ्यांची तळमळही खरी असेल. पण त्या कायद्याखाली माणसाला हजेरी द्यावी लागे आणि परवानगीशिवाय हिंडता येत नसे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. मी आजच्या संस्थांची तुलना त्या वसाहतीशी करत नाही. एवढंच म्हणतो की ज्याच्यासाठी सेवा चालते त्याला बोलायची जागा नसेल, तर चांगल्या हेतूची सेवासुद्धा कुठल्या कुठे जाऊ शकते.

मग संस्थांनी करायचं काय? माझ्या मते तीन कामं. करून दाखवणं, मोजणं आणि लोकांना बोलतं करणं. कायमची दुकानदारी नाही.

करून दाखवण्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. पण गोष्ट तिथं थांबली नाही. ती पद्धत पुढे सरकारी कार्यक्रमात आली आणि आज आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी येते त्यामागे ते काम आहे. आशाताईंना मानधन कमी मिळतं, वेळेवर मिळत नाही, त्यासाठी त्या संप करतात. करू शकतात, हेच महत्त्वाचं. 'सर्च'ने देशभर स्वतःच्या शाखा काढल्या असत्या तर हे झालं नसतं.

बोलतं करण्याचं उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातलंच आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होतं. पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्यात समन्वय केला. संस्थांनी दवाखाने चालवले नाहीत. गावकऱ्यांना बरोबर घेऊन सरकारी दवाखान्याला गुण दिले आणि जनसुनवाईत डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर मांडले. औषध बाहेरून का आणायला लावलं, हे बाई उभी राहून विचारायची आणि अधिकाऱ्याला तिथंच उत्तर द्यावं लागायचं. अशी एक सुनावणी दहा बिस्किटपुड्यांच्या कार्यक्रमांपेक्षा मोठी आहे, असं माझं मत आहे.

आणि दुकानदारीचं उदाहरणही महाराष्ट्रातलंच. अंगणवाडीच्या पोषण आहाराचं काम ठेकेदारांना न देता गावचे बचत गट, महिला मंडळं यांच्याकडे द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं होतं. झालं काय? कंत्राट घेणाऱ्यांची नावं 'महिला' झाली. शेवटी २०१९ मध्ये न्यायालयाने राज्याची २०१६ ची निविदा रद्द केली, कारण अटीच अशा होत्या की खरे बचत गट आपोआप बाहेर पडतील. म्हणून नुसतं 'संस्था', 'मंडळ', 'ट्रस्ट' हे नाव बघून हात जोडायचे नाहीत. कुणाला किती मिळालं आणि कुणापर्यंत पोचलं, ते विचारायचं.

आता दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो.

"सरकारी शाळेत तरी कुठं शिकवतात?" ठीक. पण ती सुधारायची जबाबदारी घेणारी माणसं गावात आहेत, त्यांना आपण निवडून देतो. आपण आपली पोरं इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसवली आणि मग शाळेला नावं ठेवली, तर ती शाळा कोण सुधारणार? तळावरचा मजूर तर इथला मतदारही नाही. त्याच्या बाजूने इथला मतदारच बोलू शकतो.

दुसरा आक्षेप, "ती बीडची पोरं, त्यांचं बीडने बघावं." तिकडे शासनाने संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर केलीत. मोठ्या मुला-मुलींसाठी ते बरोबरच आहे. पण दोन वर्षांचं लेकरू वसतिगृहात राहत नाही, ते आईबरोबर आपल्या फडात येतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून आहार मिळायचा हक्क दिलाय. तो हक्क बीडच्या सीमेवर संपत नाही. शिवाय गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून प्रति टन १० रुपये घ्यायचं धोरण आहे. कारखान्याने हंगामात १० लाख टन गाळप केलं तर ते १ कोटी रुपये होतात. ऊस आपला, टन आपले. मग त्यातलं आपल्या तळावर काय दिसतं, हे विचारायचा अधिकारही आपला.

आता नेमकं काय करायचं. मी पाच गोष्टी सुचवतो, कुणाला यात भर घालायची असेल तर जरूर घालावी.

१. गाळप सुरू झाल्यापासून १५ दिवसांत तळावरच्या आणि टोळ्यांतल्या सगळ्या मुलांची यादी व्हावी. कुठली टोळी कुठं आहे हे कारखान्याच्या शेती विभागाला माहीत असतं, उसाची तारीख तिथूनच तर निघते. ती माहिती गटशिक्षणाधिकारी आणि अंगणवाडी पर्यवेक्षिकांना मिळावी. मोजायला संस्थांनी मदत करावी.

२. नाव जवळच्या जिल्हा परिषद शाळेतच लागावं. संस्थेची बाई त्या शाळेत जादा शिक्षिका म्हणून बसावी, बाहेर वेगळा वर्ग नको. तळावर फक्त संध्याकाळचा अभ्यास आणि सहा वर्षांखालच्यांचं पाळणाघर. मोठी पोरगी मोकळी झाल्याशिवाय ती शाळेत येणार नाही, म्हणून पाळणाघर आधी.

३. पंचायत समिती, कारखाना आणि संस्था यांच्यात लेखी करार व्हावा. पगार कोण देणार, किती दिवस, निधी थांबला तर पुढचं कोण घेणार. तो कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. वर्ग शेवटची गाडी जाईपर्यंत चालला पाहिजे, प्रकल्पाच्या तारखेपर्यंत नाही.

४. हंगामात दोनदा तळावर, रात्री, गाड्या खाली झाल्यावर सुनावणी. खुर्च्या अधिकाऱ्यांच्या आणि बोलणं आईबापांचं. हार-तुरे नकोत.

५. प्रत्येक संस्थेने पहिल्याच दिवशी सांगावं की हे काम कोणत्या खात्याकडे आणि कधी सोपवणार. ज्या संस्थेला हे सांगता येत नाही, तिचं काम चांगलं असलं तरी अर्धवट आहे.

ट्रॅक्टरच्या फिरत्या टोळ्यांचं कोडं ह्या पाच मुद्द्यांनीही पूर्ण सुटत नाही. तिथं मूल ज्या गावात जाईल त्या गावच्या शाळेने त्याच दिवशी, दाखल्याची वाट न बघता बसवून घेणं, एवढं तर आत्ताही होऊ शकतं. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे.

ह्यातलं एकही काम अवघड नाही, आणि एकही एकट्या संस्थेला जमणारं नाही. संस्थेकडे कळकळ आणि माणसं असतात. सरकारकडे शाळा, पैसा आणि जबाबदारी असते. कारखान्याकडे यादी असते. आणि आपल्याकडे मत असतं.

२६ जानेवारीला ग्रामसभा आहे. तेव्हा हंगाम ऐन भरात असतो, तळ गच्च भरलेले असतात. आपापल्या गावच्या ग्रामसभेत एक विषय लेखी द्या: "आपल्या हद्दीतल्या ऊसतोड कुटुंबांत सहा वर्षांखालची मुलं किती, सहा ते चौदा वयाची किती, आणि त्यांतली किती आज शाळेत व अंगणवाडीत आहेत?" ठराव घ्यायला लावा, इतिवृत्तात नोंद करायला लावा, आणि त्याची प्रत पंचायत समितीला पाठवा. मी आमच्या गावात देणार आहे. अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी मेसेज करा, पाठवतो.

आणि ज्या संस्था आत्ता, ह्या थंडीत, तळावर काम करतायत त्यांना एक विनंती. ग्रामसभेला या. वह्या वाटायला नको, तुमच्याकडची मुलांची यादी घेऊन या.